डावा हात भिंतीला

१

तळघरात माणसांनी राहावं की नाही, हे ठरवणं हे त्याचं काम. कुणी रस्त्याच्या पातळीखाली खोल्या काढल्या, रंग मारला आणि भाड्याने द्यायला काढल्या, की अग्निशमन खात्याचा हा तपासनीस टेप, टॉर्च आणि कागद घेऊन पायऱ्या उतरायचा. छताची उंची मोजायचा. झोपायच्या खोलीची खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी आहे का, तिची जाळी आतून किल्लीशिवाय उघडते का, दार आपोआप मिटतं का, धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले आहेत का, जिन्याखाली अडगळ कोंबली आहे का, सगळं पाहायचा. घरमालक त्याला पाठीमागे 'वाकडी फुटपट्टी' म्हणायचे, कारण त्याच्या पट्टीत कुणाचंच घर सरळ भरत नसे. चहा दिला तर तो घ्यायचा, चांगला झाला असं सांगायचा आणि घर नापास करून निघून जायचा.

शेवटी त्याची एक परीक्षा असे, जी खात्याच्या कुठल्याच कागदावर नव्हती. पलंगाशी जाऊन तो डोळ्यांवर रुमाल बांधायचा, डावा हात भिंतीला लावायचा आणि वाटेत लागणारी दारं मोजत बाहेरच्या दारापर्यंत चालत यायचा. तरुणपणी तो आगीच्या बंबावर होता. धुरात डोळ्यांचा उपयोग फक्त रडायला होतो, हे तो तिथेच शिकला होता. भिंत सोडायची नाही. बंद दार लागलं तर उघडण्याआधी हाताची मागची बाजू टेकवायची. तळहात नाही, तो भाजला तर पुढे शिडी कशाने धरणार? दार गरम असेल तर तिथून पुढे सरकायचं. गार असेल तर उघडायचं.

त्याची ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, तेव्हापासून त्याला हिनेच वाढवलं. लग्न केलं नाही. "एक पोर सांभाळून जीव मेटाकुटीला आला, आता दुसरं नको," असं हसत सांगायची. काचबिंदूने तिची नजर हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. तो कळून तरी काय करायचाय म्हणून ती डोळे मिटूनच वावरायची. "दुकानात माल नाही तर शटर कशाला उघडं ठेवायचं?" ती म्हणे.

ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती आणि गुडघे गेले होते. भावाकडे कायमची यायला तयार नव्हती. तेव्हा त्याच्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर, नऊच पायऱ्या उतरून जायचं एक तळघरातलं घर भाड्याने निघालं, आणि तपासणीला गेला तो स्वतःच. घर लख्ख होतं. खिडकी मोठी, अलार्म नवे, दार जाड आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. ताई वर पायरीवर बसून वाट पाहत होती. सगळं डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं, म्हणून रुमाल त्याने खिशातच ठेवला आणि सही केली. वीस वर्षांत एवढं एकच घर त्याने डोळे न बांधता पास केलं.

मग त्याने ताईला धडा दिला. पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत एक सरळ बोळ होता आणि सगळी दारं डाव्या हाताला होती.

"डावा हात भिंतीला. पहिलं दार न्हाणीघराचं, दुसरं स्वयंपाकघराचं, तिसरं बाहेरचं. अलार्म वाजला की काही घ्यायचं नाही, चपला शोधायच्या नाहीत. कितव्या दाराने बाहेर पडायचं?"

"तिसऱ्या," ताई म्हणाली. "पाढे मी शिकवले तुला, आणि तू मला तीनपर्यंत मोजायला शिकव."

२

जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन तिच्याकडेच जायला लागला. दोघांनाही ते बरं वाटत होतं. ताई घरात चांगली रुळली होती. वरच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहायची, तिच्याशी ताईची गट्टी जमली होती. ताई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. एकटी असली तर भांड्यांशी बोलायची. तो जिन्यातच असताना तिचा आवाज ऐकू यायचा.

आठवड्याने एक दिवस ती म्हणाली, "तू तीन दारं म्हणालास. चार आहेत की."

"तीनच आहेत, ताई."

"न्हाणीघर, स्वयंपाकघर, मग एक, आणि मग बाहेरचं. चार."

"मी सही केली आहे त्या कागदावर."

"सही केल्याने दारं कमी होतात होय रे?"

तो उठला. बोळात दिवा लावला. स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत सहा-सात फूट सपाट भिंत होती, फिकट पिवळ्या रंगाची. तिच्यावर खिळासुद्धा नव्हता. त्याने ताईचा हात हातात घेतला, तिचा पंजा भिंतीवर ठेवला आणि तिला सावकाश शेवटपर्यंत चालवत नेलं.

"आता लागलं नाही," ताई म्हणाली. "तू बरोबर असलास की लागत नाही."

"लागायला असायला तर हवं. नवीन जागा आहे, अंदाज चुकतो. कधी कोपरा दोनदा मोजला जातो." त्याचा आवाज थोडा चढला होता. "तीन म्हणजे तीन. डोक्यात गोंधळ ठेवू नकोस. घाईच्या वेळी माणूस पहिलं शिकलेलंच करतो."

ताईने भिंतीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "बरं बाबा, तीन. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण इथे हात माझा आणि आरसा तुझा, म्हणजे तुझंच खरं."

ऑफिसकडे परत जाताना त्याला वाईट वाटलं. आंधळ्या माणसाला हाताखेरीज दुसरं काय असतं, आणि आपण त्याच्यावरच ओरडलो. पण भिंत सपाट होती ना, आणि तीनच दारं होती. त्याला तो तरी काय करणार?

३

चार-पाच दिवसांनी तो जेवत असताना ताई सहज बोलावं तसं बोलली.

"त्या जास्तीच्या दाराला मी आज हात लावून पाहिला. तू सांगितलंस तशी मागची बाजू. गरम आहे. म्हणून उघडलं नाही."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर धडा पाठ झालेल्या मुलीचं समाधान होतं. त्याने हातातला घास परत डब्यात ठेवला.

भिंत गरम म्हटल्यावर त्याच्यातला तपासनीस जागा झाला, आणि जरा धीरही आला. गरम भिंतीला कारण असतं. आतून गरम पाण्याचा पाइप गेला असेल, वायर तापत असेल, चुलीचं धुराडं असेल. त्याने पिशवीतून तापमान मोजायचं यंत्र काढलं आणि हातभर अंतरावर एकेक ठिकाणी धरलं. एकवीस. एकवीस. एकवीस. पूर्ण भिंत एकाच तापमानाची होती आणि ते कुठल्याही थंड तळघराला शोभेल असंच होतं.

"सापडलं का?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

यंत्र पिशवीत ठेवताना त्याचा हात खिशातल्या रुमालाला लागला. त्याला एकदम लाज वाटली. वीस वर्षं परक्यांच्या घरात केलं ते बहिणीच्या घरात करायचं राहिलं होतं. तो पलंगाशी गेला, डोळे बांधले आणि डावा हात भिंतीला लावून निघाला.

न्हाणीघराची चौकट, त्याचं दार, पुन्हा चौकट. गिलावा. स्वयंपाकघराची चौकट, उघडं दार, आत ताईच्या बांगड्यांचा आवाज, पुन्हा चौकट. गिलावा. चार पावलं गिलावाच. त्याला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात बोटं लाकडाला अडली.

चौकट होती. चांगली जुनी, हात फिरून फिरून कडा गोल झालेली. तिच्यापुढे दाराची फळी, फळीवर आडवी पट्टी. तो थांबला. आपण मागे वळलो असू आणि हे स्वयंपाकघराचंच दार असेल, असा त्याने विचार केला. पण ताईच्या बांगड्या मागच्या बाजूला वाजत होत्या.

सवयीने त्याने हात उलटा केला आणि मागची बाजू फळीला टेकवली. चुलीवरून नुकताच उतरवलेला तवा जसा, तशी फळी तापलेली होती.

त्याने रुमाल ओढून काढला. समोर फिकट पिवळी सपाट भिंत होती आणि त्याचा हात तिला टेकलेला होता. भिंत गार होती. त्याने हात डोळ्यांसमोर धरला. बोटांच्या पेरांवरची कातडी लाल झाली होती.

"लागलं ना?" ताई दारात येऊन उभी राहिली होती, डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी.

"नाही," तो म्हणाला. ताईशी तो फारसं खोटं कधी बोलला नव्हता.

४

ऑफिसात त्याने त्या इमारतीचा नकाशा काढून टेबलावर पसरला. बोळाच्या त्या भिंतीपलीकडे काहीही नव्हतं. तिथे रस्ता होता, म्हणजे रस्त्याच्या खालची माती. दुरुस्तीची जुनी कागदपत्रं त्याने चाळली. बंद केलेली खोली, बुजवलेला जिना, कोळशाची कोठी, कसलाच उल्लेख नव्हता. कधी आग लागल्याचीही नोंद नव्हती. घरमालकाला फोन केला तर तो चिडला. "साहेब, पास करून झाल्यावर आता काय नवीन काढता?"

मग त्याने स्वतःकडे मोर्चा वळवला. वय झालं, झोप कमी होते, बहिणीची काळजी आहे, तिने चार म्हटलं म्हणून आपल्या हातालाही चार लागले. मन काय, सुतावरून स्वर्ग गाठतं. घरी जाऊन त्याने दिवसाउजेडी डोळे बांधले आणि स्वतःच्या घरात चालून पाहिलं. दारं जेवढी होती तेवढीच लागली. बायकोने विचारलं, "आता आपलंही घर नापास करताय का?" तो हसला नाही. पेरांवरची लाली तिला दाखवावी असं त्याला वाटलं. पण तोवर ती गेली होती आणि साध्या त्वचेत दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भीती त्याला नवीन नव्हती. पेटलेल्या घरात तो शिरला होता. पण तिथे भीतीला तोंड होतं, आवाज होता, ती कुठून येते ते कळत होतं. या भीतीला त्यातलं काहीच नव्हतं. ताई रोज त्या भिंतीला हात लावून दहा-दहा वेळा जाते, हा विचार आला की तो हातातलं काम टाकून उठायचा.

५

दुसऱ्या दिवशी ताई वरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे गेलेली असताना तो किल्लीने दार उघडून आत शिरला. रुमाल बांधला नाही, नुसते डोळे मिटले. वाटलं तर पटकन उघडता यावेत म्हणून.

दार तिथेच होतं. पण आता ते कोमट होतं.

ताप उतरायला लागलेल्या कपाळासारखं कोमट. तो हात तसाच ठेवून उभा राहिला. नियमाप्रमाणे ही चांगली गोष्ट होती. दार निवत असेल तर पलीकडची आग विझत आली आहे असं समजतात, आणि पूर्ण गार झालं की उघडतात. नियम त्यानेच शेकडो लोकांना शिकवला होता. पलीकडे आग नाही, माती आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तेव्हा पलीकडून काहीतरी टेकलं.

थाप नव्हती, धक्काही नव्हता. फळीच्या त्या बाजूने, बरोबर त्याच्या हाताच्या उंचीवर, चार लहान उंचवटे अलगद येऊन टेकले आणि फळी किंचित दबली. तसे उंचवटे कशाचे असतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मूठ अर्धी मिटून हाताची मागची बाजू दाराला लावली की बोटांची पेरं तशीच टेकतात. पलीकडचं कुणीतरीही दार गार झालं का ते पाहत होतं.

त्याने डोळे उघडले आणि जिन्याच्या नऊ पायऱ्या एका दमात चढला. वर फुटपाथवर माणसं आपापल्या कामाला जात होती. तो कठडा धरून उभा राहिला. वरच्या खिडकीतून ताईचं हसणं ऐकू येत होतं.

त्याच दुपारी तो तिला म्हणाला, "ताई, काही दिवस आमच्याकडे चल."

"का?"

"असंच."

"असंच तू कधी श्वाससुद्धा घेत नाहीस. काय झालंय?"

त्याने तोंड उघडलं. भिंतीत दार आहे, हे तिला सांगायचं कसं? तेच तर ती सांगत होती, आणि त्याने तिला गप्प केलं होतं. "घरात एक दोष राहिलाय," तो शेवटी म्हणाला. "मी नीट पाहिलं नव्हतं. दुरुस्ती होईपर्यंत तू तिकडे राहा."

ताईने त्याच्या दिशेला हात पुढे केला, त्याचा गाल शोधला आणि दोनदा थोपटला. लहानपणी तो खोटं बोलायचा तेव्हाही ती हेच करायची. "रविवारी येते," ती म्हणाली. "त्या बाईला शनिवारी मी बटणं लावून द्यायचं कबूल केलंय. दोन दिवसांनी काय बिघडतं?"

"आज चल."

"रविवारी म्हटलं ना."

ताईचं 'ना' म्हणजे दगडावरची रेघ. त्याने निदान एवढं केलं. "बरं. मग एक ऐक. अलार्म वाजला तर चौथं दार. तिसरं नाही. चौथं."

"म्हणजे चार आहेत," ताई म्हणाली.

त्याने डबा आवरायला घेतला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "आज सकाळी अगदी थोडंच गरम होतं हो ते."

६

रविवारी दुपारी तो रिक्षा घेऊन आला. शुक्रवार-शनिवार या दोन दिवसांत तो सहा वेळा येऊन गेला होता आणि प्रत्येक वेळी डोळे सताड उघडे ठेवून बोळातून चालला होता. आता ते संपलं होतं. ताईच्या दोन पिशव्या त्याने वर आणून रिक्षात ठेवल्या. ती आत पलंगावर बसून केस बांधत होती. "तू सामान लाव, मी आलेच," असं तिने सांगितलं होतं.

तो पिशवीचा बंद घट्ट करत असताना अलार्म वाजला.

वरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं दूध करपलं होतं. तिच्या खिडकीतून तिचं "अगं बाई, गॅस..." ऐकू आलं आणि पांढरा धूर दिसला. एवढंच. पण अलार्म एकमेकांना जोडलेले होते, त्यानेच तपासून घेतले होते, एक वाजला की सगळे वाजत होते. तळघरातलाही वाजत होता, कान फाटतील असा.

तो पायऱ्या उतरला. बाहेरचं जाड दार ढकलून त्याने आत पाहिलं.

बोळात दिवा लागलेला होता. ताई पलंगाकडून येत होती, घाई न करता, अनवाणी, डावा हात भिंतीला. अगदी त्याने शिकवलं होतं तशी. न्हाणीघर मागे पडलं होतं. स्वयंपाकघराच्या दारावरून तिची बोटं सरकली आणि पुन्हा भिंतीला लागली. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"ताई, थांब," तो ओरडला. "दूध करपलंय नुसतं. थांब तिथेच. चौथं, ताई, चौथं!"

अलार्मखाली त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही. तो धावला. चार-पाच पावलांचं अंतर असेल. ताई सपाट भिंतीसमोर थांबली. तिने हात उलटा केला, मागची बाजू भिंतीला टेकवली आणि तिचा चेहरा निवळला. मग तिने कमरेइतक्या उंचीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, दाराची मूठ धरून फिरवावी तसा हात वळवला.

धावताना त्याची पापणी मिटली. आणि मिटलेल्या पापणीआड त्याला दिसलं.

दार उघडं होतं. ताईच्या चेहऱ्यावर आतून तांबूस उजेड पडला होता आणि तिचे अर्धवट बांधलेले केस आतल्या हवेने मागे उडत होते. उजेडातून एक हात बाहेर आला होता. बोटं किंचित वळलेली, मागची बाजू पुढे. तो हात ताईच्या गालाला टेकला होता, आजारी माणसाचा ताप पाहावा तसा, आणि ताप नाही हे कळल्यावर जरा वेळ तिथेच रेंगाळावा तसा.

पापणी उघडली. बोळ रिकामा होता. ताई कुठेच नव्हती.

७

त्याने भिंतीवर मुठी आपटल्या. मग त्याला उमगलं आणि त्याने डोळे घट्ट मिटले. डाव्या हाताने चौकट शोधली. दार बंद होतं. फळी धगधगत होती. आतून ताईचा आवाज येत होता का? अलार्मपुढे काही कळत नव्हतं.

दाराची मूठ कुठे असेल ते त्याला ठाऊक होतं. त्याने तळहाताने ती धरली.

वेदना इतकी झाली की डोळे आपोआप उघडले. त्याचा हात सपाट गार भिंतीवर होता. त्याने पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा मूठ धरली. पुन्हा डोळे उघडले. माणूस भाजला की डोळे उघडतो. ते त्याच्या हातात नसतं. तिसऱ्या वेळी त्याने दात आवळून मूठ अर्धी वळवली. ती वळत होती, आत काहीतरी सरकलं होतं, आणि त्याच क्षणी पुन्हा समोर पिवळा रंग आला. चौथ्या वेळी त्याने खिशातला रुमाल काढला. भाजलेल्या बोटांना त्याची गाठ बांधता येईना.

वरची बाई घाबरी होऊन खाली आली तेव्हा तो रुमाल तोंडात धरून भिंतीसमोर रडत होता. अलार्म केव्हाच थांबला होता. "मावशी कुठायत?" तिने विचारलं. तिने त्याचे हात पाहिले आणि पुढचं विचारलं नाही.

८

त्याच्या खात्यातले लोक आले, पोलीस आले. त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याच्या शब्दाखातर ती भिंत फोडून पाहिली. आत विटा निघाल्या, विटांमागे माती. हातभर खोल गेल्यावर त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कुदळी खाली ठेवल्या. घरमालकाने भिंत पुन्हा बांधून घेतली आणि रंग मारला, तोच फिकट पिवळा. ताईची नोंद हरवलेल्या व्यक्तींत झाली. आंधळी म्हातारी, गोंधळून रस्त्यावर गेली असेल, शोध चालू आहे, असं लोक म्हणतात. त्याचे हात इतके कसे भाजले याचं उत्तर कुणाकडे नाही, म्हणून तो प्रश्न कुणी काढत नाही.

त्याने ते घर स्वतः भाड्याने घेतलं. बायकोने आधी समजावलं, मग भांडली, मग आठवड्यातून दोनदा डबा पाठवू लागली. तिला वाटतं, दुःख आहे, उतरेल.

रोज सकाळी तो पलंगावरून उठतो आणि डोळे मिटून, डावा हात भिंतीला लावून निघतो. सुरुवातीला दार इतकं तापलेलं असायचं की हात जवळ नेता येत नसे. पुढे हात टेकवता यायला लागला. मग कोमट झालं. त्या दिवसांत त्याला आशा वाटायची, अगदी उघड आणि वेडी आशा. तळव्यांवरची नवी कातडी जून होत होती आणि दार निवत होतं. गार झालं की उघडायचं. ताई आत आहे, तिला बाहेर काढायचं. याखेरीज त्याला आयुष्यात दुसरं काही उरलं नव्हतं.

दार गार होऊन आज नऊ दिवस झाले.

नऊ दिवस तो तिथे जातो, हात टेकवतो, आणि पलीकडून ती चार पेरं त्याच्या हातासमोर येऊन टेकतात. तो म्हणतो, "ताई." उत्तर येत नाही. तो पुन्हा म्हणतो, "ताई, मी आहे. बोल ना काहीतरी." पेरं जराशी दाबली जातात आणि वाट पाहतात. भांड्यांशीसुद्धा बोलणारी ताई, त्याला थोपटताना शिव्या देणारी ताई, एक शब्द बोलत नाही.

मूठ हाताशी असते. गार असते. ती अर्धी वळते हे त्याला माहीत आहे. नुसतं वळवायचं असतं. आत ताईच असेल. तिचा घसा धुराने बसला असेल. ती थकली असेल, इतके दिवस अंधारात उभी राहून. तिने त्याला चार वर्षांचा असल्यापासून कधी एकटं सोडलं नव्हतं. तो हे सगळं स्वतःला सांगतो, मूठ धरतो, पण वळवत नाही.

आणि मग तो डोळे उघडतो. रोज उघडतो. समोर भिंत असते, आणि तिच्याकडे पाहत तो म्हणतो की उद्या नक्की.